रोबोट अठरा मीटरचा, पण आतला माणूस तेवढाच: मेका कादंबऱ्या कशा वाचायच्या

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय त्या कादंबऱ्यांबद्दल ज्यात सैनिक पंधरा-वीस मीटर उंच रोबोटच्या छातीत बसून युद्ध करतात, मेका म्हणतात ना तो प्रकार. पण सुरुवात मी कादंबरीपासून नाही करत, एका खऱ्या मशीनपासून करते.

१९६० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत राल्फ मोशर नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी आर्मीसाठी चार पायांचं चालणारं मशीन बनवलं, वजन साधारण १,४०० किलो, आणि ते चालवायचं कसं तर माणूस आत बसणार, त्याचे हात पुढचे दोन पाय हलवणार आणि त्याचे पाय मागचे दोन. मशीनचा पाय कुठे अडला की तो जोर माणसाच्या हातापायाला परत जाणवायचा, म्हणजे तुमचं शरीर हाच कंट्रोल. आणि ते चाललं, खरंच चाललं! पण आतला माणूस थोड्याच वेळात पार थकून जायचा कारण चारही पायांचा हिशोब सतत त्याच्याच डोक्यात, जरा लक्ष गेलं की तोल गेला. त्याच कंपनीने त्याच सुमारास हार्डिमन नावाचा अंगावर चढवायचा सूट करायला घेतला, ६८० किलो उचलता यावेत असं टार्गेट होतं, पण पूर्ण सूट एकत्र चालू केला की तो इतके जोरात हिसके द्यायचा की माणूस आत असताना तो पूर्ण कधी चालूच केला नाही. शेवटी एक हात तेवढा नीट काम करायला लागला, बस.

आता हे का सांगतेय, तर मोशर यांच्या मशीनमध्ये लोखंड पुरून उरलं आणि माणूस पुरला नाही. मेका कादंबरीचा जीव माझ्या मते इथेच आहे. रोबोटच्या खांद्यावर किती मिसाइल आहेत याने मला फार फरक पडत नाही, तो रोबोट आतल्या पायलटकडून काय वसूल करतो हे लेखकाने लिहिलंय का, ते मी आधी बघते. आणि मिलिटरी सायन्स फिक्शन असेल तर त्याच्या पुढचा प्रश्न पण आलाच की हे वसूल कोण करतंय, कारण रोबोट पायलटचा नसतो, आर्मीचा असतो.

आधी थोडं गणित करू, सोपंय, आणि त्याशिवाय पुढची मजा कळणार नाही.

१.८ मीटर उंचीचा, ८० किलोचा माणूस घ्या आणि त्याला सगळ्या बाजूंनी दहापट मोठा करा. उंची झाली १८ मीटर, म्हणजे जपानी टीव्ही मालिकेतला तो प्रसिद्ध गंडम रोबोट बरोब्बर जेवढा आहे तेवढी. पण वजन दहापट होत नाही, ते हजारपट होतं, ८० टन, कारण लांबी रुंदी जाडी तिन्ही वाढतात. तळपायाचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच वाढतं. गॅलिलिओने १६३८ मध्येच हे मांडून ठेवलंय की प्राणी नुसता मोठा करत नेला तर त्याची हाडं त्याच प्रमाणात राहून चालत नाहीत. आपण एका पायावर उभे असतो तेव्हा जमिनीवर दाब पडतो साधारण एक तृतीयांश किलो प्रति चौरस सेंटिमीटर. आपल्या रोबोटचा दाब दहापट, तीन किलोच्या वर. रणगाडा साठ टनांचा असतो पण त्याचे पट्टे लांबरुंद असतात त्यामुळे तो एक किलोच्या आसपासच राहतो. म्हणजे जो चिखल रणगाडा पार करतो त्याच चिखलात आपला हिरो घोट्यापर्यंत, कदाचित गुडघ्यापर्यंत जाणार. आणि हो, हे माणसाच्या मांसाहाडाचं वजन धरून, अजून चिलखत चढवलेलंच नाही.

पण मला खरं आवडतं ते चालण्याचं गणित. मोठी गोष्ट सावकाश झुलते, लांब लोलक सावकाश हलतो तसं. आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, दहापट मोठा रोबोट त्याच ढंगात चालला तर एका पावलाला दीड सेकंदाहून जास्त लागतो आणि त्याचा निवांत चालण्याचा स्पीड येतो ताशी सोळाएक किलोमीटर. आपलं शरीर चालताना चारपाच सेंटिमीटर वरखाली होतं, रोबोटच्या छातीतला पायलट होणार अर्धा मीटर वर, अर्धा मीटर खाली, दर पावलाला, तासन्‌तास. ज्याला बोट लागते त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि हे सगळं नुसतं चालताना बरं का, अजून गोळीबार सुरू झालेला नाही.

आता पाडा त्याला. अठरा मीटरचा खांब सरळ आडवा कोसळला तर टोक जमिनीवर आपटतं ताशी ऐंशीच्या वर, आणि छातीच्या उंचीवर बसलेला पायलट साधारण साठने. म्हणजे रोबोटचा पाय घसरणं हाच त्याच्यासाठी एक कार अ‍ॅक्सिडेंट. कादंबरीत रोबोट पडतो, उठतो, परत तलवार काढतो, ठीक आहे, पण लेखकाने निदान एक वाक्य तरी लिहावं की पायलटच्या मानेचं काय झालं! फायटर जेटचे पायलट ९ जीपर्यंत, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट जोर अंगावर येईपर्यंत, जातात तेव्हा पायापोटावर दाबणारा खास सूट घालतात, श्वास घ्यायची वेगळी पद्धत शिकतात, पाय आवळून धरतात, आणि तरीही रक्त मेंदूकडून खाली उतरलं की आधी नजर राखाडी होते, मग अरुंद होते, मग शुद्ध जाते. हे ज्या लेखकाला माहितीय त्याचा फाइट सीन वाचताना लगेच कळतं, कारण त्यात पायलट शत्रूशी जितका झगडत असतो तितकाच स्वतःच्या शुद्धीशी पण झगडत असतो.

मग पाय कशाला, चाकं लावा ना, असं कोणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. लेखक कारणं देतात, डोंगराळ भाग आहे, पडझड झालेलं शहर आहे, अवकाशात हातपाय फिरवून दिशा बदलता येते वगैरे, काही पटतात काही नाही, मी त्यात फार अडकत नाही. जपानमध्ये योकोहामाला २०२० मध्ये खरा हलणारा १८ मीटरचा गंडम उभा केला होता, २५ टनांचा, त्याला कमरेत मागून आधार देऊन धरलेलं होतं, तो पाऊल उचलायचा, गुडघ्यावर बसायचा आणि लोक भारावून बघत राहायचे. ते का बघत राहतात हे मला समजतं. एवढ्या मोठ्या आकारात माणसाचं शरीर दिसलं की आपोआप वाटतं आत आपण असतो तर. कादंबरीला पाय हवे असतात ते यासाठी.

आता पुस्तकांकडे येऊ. सगळ्यांचा पाया म्हणजे रॉबर्ट हाइनलाइन यांची १९५९ ची स्टारशिप ट्रूपर्स. त्यात अठरा मीटरचे रोबोट नाहीयेत, अंगावर घालायचा पॉवर्ड सूट आहे, पण पुढचे सगळे रोबोट याच सूटचे वंशज म्हणायला हरकत नाही, गंडमवर या पुस्तकाचा प्रभाव होता हे तर जगजाहीर आहे. हाइनलाइन स्वतः अमेरिकन नेव्हल अकॅडमीतून बाहेर पडलेले अधिकारी, टीबीमुळे १९३४ मध्ये नेव्हीतून निवृत्त व्हावं लागलं, प्रत्यक्ष लढाई कधी बघितली नाही. त्यांच्या कादंबरीत सूटचं सगळ्यात मोठं कौतुक काय तर तो चालवावाच लागत नाही, तुम्ही फक्त घालता आणि तो तुमच्या हालचालीबरोबर हलतो. माणूस आणि मशीन यात फटच नाही. आणि माणूस आणि सैन्य यातही फट राहू नये असंच ते पुस्तक सांगतं, मला तो युक्तिवाद पटत नाही पण तो इतक्या आत्मविश्वासाने लिहिलाय की वाचताना तुम्हाला त्याच्याशी भांडावं लागतं, आणि पुस्तकाने एवढं केलं तर ते मोठंच पुस्तक.

आणि मग १९७४ मध्ये जो हॉल्डमन यांची द फॉरएव्हर वॉर आली. हे व्हिएतनाममध्ये होते, कॉम्बॅट इंजिनिअर म्हणून, तिथे जखमी झाले. यांच्याकडेही सूटच आहे. पण तो सूट कसा आहे बघा. ट्रेनिंग चालू आहे सूर्यमालेच्या टोकाला, भयानक थंडीत, जमिनीवर गोठलेले वायू पसरलेत, आणि सूटच्या पाठीला उष्णता बाहेर टाकणारे पंख आहेत. पाठीवर पडलात, ते तापलेले पंख त्या गोठलेल्या वायूला टेकले की स्फोट, संपलं. शत्रू अजून दिसलेला पण नाही आणि लोक मरतायत, स्वतःच्याच सूटमुळे. पुढे तर अशी सोय आहे की हात किंवा पाय फार जखमी झाला तर सूट तो अवयव स्वतःच कापून टाकतो आणि जखम बंद करतो, म्हणजे सैनिक जिवंत राहतो. तांत्रिकदृष्ट्या अगदी योग्य निर्णय, पण तो घेतला कोणी, तर सूटने, म्हणजे ज्याने सूट बनवून घेतला त्याने. तुमच्या पायाचं काय करायचं हे आधीच कुठल्यातरी ऑफिसात ठरलेलं होतं. मी हा भाग वाचून पुस्तक बाजूला ठेवलं होतं थोडा वेळ.

आणि बाहेर आल्यावर पण सुटका नाही, प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करून सैनिक परत येतात तेव्हा त्यांची काही वर्षं गेलेली असतात आणि मागे राहिलेल्यांची दशकं, मग शतकं, ते युद्ध चालतं १,१४३ वर्षं. व्हिएतनामहून परतलेल्या माणसाला घर कसं अनोळखी वाटलं असेल ते या एका गणितातून येतं, भाषण द्यावं लागत नाही.

जपानकडे रोबोट वेगळ्या वाटेने आले. १९५६ च्या तेत्सुजिन २८ या कॉमिकमध्ये रोबोट बाहेरून रिमोटने चालतो, आणि तो मुळात दुसऱ्या महायुद्धासाठी बनवलेलं शस्त्र असतो, रिमोट ज्याच्या हातात त्याचा तो गुलाम, चोराच्या हातात गेला तर चोराचा. १९७२ मध्ये मॅझिंगर झेड या मालिकेने मुलाला रोबोटच्या डोक्यात नेऊन बसवलं. आणि १९७९ मध्ये दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांच्या गंडमने रोबोटला साधं युद्धसामान करून टाकलं, फॅक्टरीतून निघणारं, स्पेअर पार्ट लागणारं, दोन्ही बाजूंकडे असलेलं, आणि आत पंधरा वर्षांचा आमुरो. तोमिनो यांनी याच्या कादंबऱ्या पण लिहिल्या, तीन भाग, आणि टीव्हीवर जो हिरो जिवंत राहतो त्याला कादंबरीत त्यांनी मारून टाकलाय. टीव्ही बघून मोठे झालेल्यांनी तो तिसरा भाग वाचावाच, कारण तिथे कळतं की लेखकाला ही गोष्ट मुळात किती कठोर दिसत होती.

एक प्रश्न हमखास येतो, ड्रोन असताना माणूस आत कशाला? याचं उत्तर कादंबरीने द्यायलाच पाहिजे, आणि चांगलं उत्तर आहे. सिग्नल जॅम होतो. आणि अंतर. पृथ्वीवरून चंद्रावरचा रोबोट चालवायचा तर चित्र यायला सव्वा सेकंद आणि तुमची आज्ञा पोचायला सव्वा सेकंद, अडीच सेकंदांत लढाई संपलेली असते, माणसाची प्रतिक्रिया तर पाव सेकंदात येते. म्हणून कोणालातरी आत बसवावं लागतं. मग कोणाला बसवायचं हे ठरवणारे लोक कादंबरीत दिसतात का, त्यांना नावं आहेत का, ते जेवतात झोपतात का, हे बघा, बऱ्याच कादंबऱ्या इथे कच्च्या निघतात, वरून ऑर्डर येते आणि वर कोणीच नसतं.

तसंच मेकॅनिक लोक. खऱ्या फायटर विमानाच्या एका तासाच्या उड्डाणामागे कित्येक तासांचं मेंटेनन्स असतं, मग दोन पाय, दोन हात आणि शेकडो सांधे असलेल्या रोबोटमागे किती माणसं राबत असतील! गुडघ्याचा सील गेलाय, पार्ट यायला चार दिवस आहेत, पायलटला उद्याच निघायचंय आणि सही मेकॅनिकची लागते, या एका प्रसंगात अख्खं प्रकरण उभं राहू शकतं. अशी कादंबरी मिळाली तर मी बाकी बऱ्याच चुका माफ करते, अगदी तो चिखलाचा घोळ सुद्धा.

वाचायला सुरुवात करणार असाल तर क्रम सांगते. आधी हाइनलाइन, मग लगेच हॉल्डमन, मध्ये दुसरं काही घेऊ नका, कारण दोन्ही सूट लागोपाठ वाचले की दुसरा पहिल्याला उत्तर देतोय असं वाटत राहतं. त्यानंतर तोमिनो, इंग्रजी भाषांतर आहे. हाइनलाइन यांच्या पुस्तकात शाळेच्या वर्गात होणाऱ्या चर्चा लांबतात, कंटाळा आला तरी त्या गाळू नका, हॉल्डमन यांचं भांडण बरंचसं तिथेच आहे.