मंजूर, भरलेली, रिक्त

(दादर येथे सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, परिचारिका आणि आरोग्य खात्यातील कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

नमस्कार. बाहेरच्या फलकावर ‘डेटा’ हा शब्द ठळक लिहिलाय, त्यामुळे रंगीत नकाशे बघायला मिळतील म्हणून कुणी आलं असेल तर त्यांची निराशा होणार आहे. मी फक्त एका तक्त्याबद्दल बोलणार आहे. तो तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. संवर्ग, मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. आस्थापना शाखेतून दर महिन्याला वर जातो, अधिवेशनात प्रश्न आला की तोच काढला जातो आणि वर्तमानपत्रातली बातमीही त्याच्यावरच होते. आपल्याकडे डॉक्टर-नर्सची टंचाई कुठे आहे हे त्या तक्त्यावरून कळतं, असं आपण सगळे धरून चालतो. माझं म्हणणं असं की त्यातून फार थोडं कळतं, आणि जे कळायला हवं ते कळण्याची कागदपत्रं आपल्याच कपाटात पडून आहेत.

आधी देशाचा आकडा घेऊ. २०२४ साली सरकारने संसदेत सांगितलं की देशात नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टर सुमारे १३ लाख ८६ हजार आहेत. त्यातले ८० टक्के उपलब्ध आहेत असं धरलं, वर ५ लाख ६५ हजार आयुष डॉक्टर मिळवले, तर ८३६ लोकांमागे एक डॉक्टर पडतो. हजारामागे एक हे माप लावलं तर आपण पास झालो. आता यातलं ‘असं धरलं’ जरा नीट बघा. नोंदणीचं रजिस्टर ही पास झालेल्यांची यादी असते. माणूस निवृत्त झाला, परदेशी गेला, डॉक्टरकी सोडून औषध कंपनीत लागला, तरी नाव राहू शकतं. मेलेल्या माणसाचं नावसुद्धा घरच्यांनी कळवल्याशिवाय सहसा निघत नाही. आपल्या राज्यात दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहे, म्हणून यादी थोडी तरी चाळली जाते. पण नूतनीकरणाच्या अर्जात पत्ता मिळतो तो पत्रव्यवहाराचा. दवाखाना कुठल्या तालुक्यात आहे, आठवड्यातले किती दिवस बसतो, हे त्यात नसतं.

८० टक्क्यांचं गृहीतक तपासून बघायला दुसरा मार्ग आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीवाले घरोघरी जाऊन विचारतात, तुम्ही सध्या काय काम करता? २०१७-१८ च्या पाहणीवरून अभ्यासकांनी हिशेब केला. नोंदणीत डॉक्टर ११ लाख ६० हजार, प्रत्यक्ष काम करणारे ८ लाख. नोंदणीत परिचारिका आणि प्रसाविका २३ लाख ४० हजार, कामावर १४ लाख. म्हणजे डॉक्टरांमध्ये दहापैकी सात आणि नर्सेसमध्ये दहापैकी सहा. उरलेल्या चारजणी कुठे गेल्या? या सभागृहात याचं उत्तर ठाऊक असलेल्या बऱ्याच जणी बसल्या आहेत. काही आखातात, काही इंग्लंडमध्ये, आणि काही इथेच मुंबईत घरी, कारण नर्सिंग होमच्या पगारातून पाळणाघराचे पैसे वजा केले तर हातात काही उरत नाही. परदेशी जायचं तर नर्सिंग परिषदेकडून गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही असा दाखला, घ्यावा लागतो. तो दरवर्षी कितीजणींना दिला, कुठल्या जिल्ह्याच्या मुलींना दिला, ही मोजणी एका दुपारचं काम आहे. नवीन नर्सिंग कॉलेजं काढण्याआधी ती करायला हरकत नव्हती.

आता जवळ येऊ. पालघर. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे ३० लाख, आणि त्यातले १२ लाखांहून जास्त लोक एकट्या वसई-विरार शहरात. जिल्ह्याची सरासरी काढली की वसई-विरारचे दवाखाने मोखाड्यासारख्या दुर्गम आदिवासी तालुक्याच्या खात्यावर जमा होतात. मोखाड्यातला माणूस सरासरीत चांगला सुखी असतो. मुंबईचंही तेच आहे. पेडर रोड आणि गोवंडी एकाच महापालिकेच्या एकाच भागाकारात बसतात. म्हणून जिल्हा हे एकक मला नकोच आहे. तालुका घ्या, शहरात वॉर्ड घ्या, आणि तेही पुरेसं नाही, कारण रुग्ण आपली हद्द पाळत नाही. तलासरीकडचा माणूस राज्याबाहेर सिल्वासाला किंवा वलसाडला जातो, मोखाड्याचा नाशिकला. आपल्या राज्याचा डेटा हद्दीच्या दगडाशी थांबतो. सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात आपल्या किती बायका बाळंत होतात हा आकडा पालघरच्या नियोजनात मांडलेला मी अजून पाहिलेला नाही.

त्यात लोकसंख्या २०११ ची. सपाट भागात ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी-डोंगराळ भागात २० हजारांना एक, हे माप. पण कुठले ३० हजार? २०२१ ची जनगणना झालीच नाही. भिवंडी, कल्याण, नालासोपारा या पट्ट्यात तेव्हापासून किती इमारती उठल्या ते पश्चिम आणि मध्य रेल्वेने येणाऱ्यांना मी सांगायची गरज नाही. पद मंजूर होतं तेच जुन्या लोकसंख्येच्या हिशेबाने. तिथे ‘रिक्त पदे शून्य’ असली तरी ओपीडीची रांग फाटकाबाहेर जाते.

हा मुद्दा एका उदाहरणाने पक्का करतो, कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. प्रसूतिकक्षात चोवीस तास एक नर्स हवी. फक्त एक. आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदं हवीत याचा आराखडा, करणारा म्हणेल, तीन पाळ्या, तीन नर्सेस, विषय संपला. आता वर्षाचे दिवस मोजा. ३६५ मधून साप्ताहिक सुट्ट्या ५२, अर्जित रजा ३०, किरकोळ रजा ८, सणावाराच्या सुट्ट्या धरा २४, आजारपण आणि प्रशिक्षण मिळून १०. उरले २४१, हिशेबाला २४० घेऊ. रोजचे आठ तास, म्हणजे एक माणूस वर्षाला १,९२० तास देतो. कक्षाला हवेत ३६५ गुणिले २४, म्हणजे ८,७६० तास. भागाकार करा. साडेचार येतात. पदं मंजूर तीन, भरलेली तीन, रिक्त शून्य, आणि दीड माणूस कमी. ते दीड माणसाचं काम कोण करतं? त्याच तिघी, डबल ड्युटी करून, मिळालेली सुट्टी मागे घेऊन. किंवा वॉर्डातल्या नर्सने मधूनमधून डोकावून. आणि हे एकाच वेळी एकच बाई अडली आहे असं धरून.

जागतिक आरोग्य संघटनेची कार्यभारावर आधारित मनुष्यबळ मोजण्याची एक पद्धत आहे, विस्न नावाची. तिचा गाभा हाच. लोकसंख्येमागे किती हे न विचारता, काम किती आहे आणि एका कामाला व्यवस्थित केलं तर किती वेळ लागतो हे विचारायचं. असलेली माणसं भागिले लागणारी माणसं. उत्तर एकाच्या खाली गेलं की टंचाई. आपल्या तीन भागिले साडेचारचं उत्तर सुमारे ०.६७ येतं. हे गणित करायला सॉफ्टवेअर लागत नाही, ओपीडीचं रजिस्टर आणि प्रसूतीचं रजिस्टर लागतं. आणि कधी कधी ते उलटंही येतं. एखाद्या केंद्रात काम कमी, माणसं जास्त निघतात. ते बोलायला कुणाला आवडत नाही, पण तेही मांडलं पाहिजे, नाहीतर शेजारच्या तालुक्याला द्यायला माणूस आणणार कुठून?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढची आहे, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घेतो. आपण माणसं सुटी मोजतो, काम मात्र जोडीने होतं. सिझेरियन घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ हवा, रक्तसाठा केंद्र हवं, ऑपरेशन थिएटरची सिस्टर हवी. यातला एक नसला की बाकीचे पगार घेऊन रेफर चिठ्ठी लिहितात. दोष त्यांचा नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, विशेषज्ञ गरजेपेक्षा ७९.५ टक्के कमी आहेत असं आहे. हा आकडा गाजला. पण त्यात विशेषज्ञ म्हणजे चारच: शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ. भूलतज्ज्ञाचा तक्ता निराळा. ज्याच्यावाचून पहिल्या दोघांची सुरी उचलली जात नाही, तोच ठळक आकड्यातून बाहेर.

मग करायचं काय? दोन याद्या शेजारी ठेवायच्या. एक ‘सेवार्थ’ची, पगार कुणाला कुठून निघतो याची. दुसरी आरोग्य माहिती प्रणालीची, कुठल्या रुग्णालयात महिन्याला किती सिझेरियन झाली याची. स्त्रीरोगतज्ज्ञाचा पगार निघतोय आणि सिझेरियनच्या रकान्यात बारा महिने शून्य आहे, अशी रुग्णालयं वेगळी काढा. प्रत्येक शून्यामागे कारण एकच नसतं. कुठे भूलतज्ज्ञ नाही, कुठे रक्तसाठा केंद्राचा परवाना लटकलाय, आणि कुठे डॉक्टरच तिथे नसतात. कागदावर दुर्गम तालुक्यात, प्रत्यक्षात प्रतिनियुक्तीवर शहराच्या जवळ. ‘भरलेले पद’ म्हणून ते मोजले जातात आणि त्या जागी दुसरा माणूस मागताही येत नाही. माझ्या लेखी हे रिक्त पदापेक्षा वाईट.

ही यादी हातात आली की नवीन भरती न करताही काही हालचाल करता येते. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण सरकारनेच सुरू केलेलं आहे. ते घेतलेला अधिकारी आज कुठे आहे? लसीकरणाच्या आढावा बैठकीत बसला असेल, तर त्याला त्या शून्यवाल्या रुग्णालयात न्या. एका बदलीने चार माणसांचं अडलेलं काम सुरू होतं.

बदल्यांचं नाव काढलं की मागून हसू येतं, आत्ताही आलं. वशिल्याशिवाय बदली होते का? जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बाबतीत २०१७ साली शासन निर्णय निघाला, गावं ‘अवघड क्षेत्र’ म्हणून ठरवली, कुणी किती वर्षं कुठे काढली हे संगणकात घातलं आणि बदल्या ऑनलाइन केल्या. भांडणं झाली, लोक कोर्टात गेले, निकष बदलावे लागले. तरी अवघड क्षेत्रात काढलेल्या वर्षांना किंमत आली. छत्तीसगडने आरोग्य केंद्रांचीच अशी प्रतवारी केली आणि अवघड जागी राहणाऱ्याला जादा पैसे आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी जादा गुण दिले. हे निव्वळ डेटाचं काम आहे: रस्ता आहे का, क्वार्टर राहण्याजोगं आहे का, जवळची शाळा किती लांब.

एक सावधगिरी. हे ऐकून कुणी एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेविका, आणि आशाताई यांच्या हातात आणखी एक ॲप देणार असेल, तर मी माझं म्हणणं मागे घेतो. ज्यांची टंचाई आहे त्यांच्याच वेळातून टंचाईचा डेटा काढायचा, हा उफराटा कारभार आहे. पगाराची यादी, सेवापुस्तक, परिषदेचं रजिस्टर, विद्यापीठाची प्रवेशयादी हे सगळं आधीच भरलेलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवही सुरू झाली, तीत कामाचं ठिकाण ताजं ठेवलं गेलं तर पुष्कळ सोपं होईल.

प्रश्नोत्तरात एका विद्यार्थ्याने विचारलं की सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांना एक वर्ष सरकारी सेवा करण्याचा बाँड आहे. मग टंचाई राहते कशी? मी त्याला उलट विचारलं, बाँड संपल्यावर त्याच तालुक्यात किती जण राहिले? हे सांगणारा तक्ता त्याने किंवा मी पाहिलेला नाही. राज्यात प्रवेशासाठी ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या भागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभरातल्या, तो २०२० मध्ये रद्द झाला. ठेवावा की काढावा यावर खूप वाद झाला, पण त्या कोट्यातून शिकलेली मुलं आपल्या भागात परत गेली की नाही, याचा हिशेब कुणी मांडला नाही. बारावी कुठल्या तालुक्यातून केली हे प्रवेशअर्जात असतं, नोंदणी क्रमांक वैद्यकीय परिषदेकडे असतो. नंदुरबारच्या सरकारी कॉलेजात २०२० पासून मुलं शिकतायत, गडचिरोलीचं कॉलेज २०२४ ला सुरू झालं. या मुलांच्या बाबतीत तरी पहिल्या तुकडीपासून ही दोन टोकं जोडून ठेवा. दहा वर्षांनी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला आकडा लागेल, आणि तो मागे जाऊन गोळा करता येत नाही.