लांबलेली हगवण : जिआर्डियाची ओळख

(दृश्य : पावसाळ्यातील गावविहीर. काठावर टीसीएल पावडरची, म्हणजे क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरची, बादली.)

मृग लागून आठ-पंधरा दिवस झाले की विदर्भातील खेड्यांत विहिरींचे पाणी गढूळ होते आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर घेऊन विहिरीवर येतो. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी तेवढी तो विहिरीत सोडतो. नंतर पाण्याच्या नमुन्यात ओटीचे (क्लोरीन तपासण्याच्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे) थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले की क्लोरीन शिल्लक आहे असे समजतात. पटकी, विषमज्वर यांच्या जंतूंना हा उपाय पुरतो. जिआर्डिया मात्र या पिवळ्या रंगाला सहजी दाद देत नाही.

हा एकपेशीय परजीवी लेव्हेनहूक या डच सूक्ष्मदर्शक-संशोधकाने १६८१ मध्ये पाहिला, तोही स्वतःच्याच शौचात. शरीराबाहेर तो कवच असलेल्या पुटीच्या रूपात राहतो आणि थंड पाण्यात कित्येक आठवडे तग धरतो. अशा दहा पुट्या पोटात गेल्या तरी लागण होऊ शकते. लहान आतड्यात पुटी फुटते, आतील जीव अस्तराला चिकटून बसतो आणि स्निग्ध पदार्थांचे शोषण बिघडते.

लक्षणे दिसायला बहुधा एक-दोन आठवडे लागतात. निंदणाच्या दिवशी नाल्याचे पाणी प्यायलो होतो, हे तोवर कोणाच्या लक्षातही नसते. शौच फिकट, तेलकट, अतिशय दुर्गंधीयुक्त होते, पोट फुगते, घाण ढेकरा येतात. रक्त पडत नाही, ताप सहसा येत नाही, म्हणूनच हे दुखणे ‘अपचन’ समजून महिनोन्‌महिने अंगावर काढले जाते, आणि लेकराचे वजन का वाढत नाही हा प्रश्न अंगणवाडीच्या वजनकाट्यापाशीच पहिल्यांदा उभा राहतो.

(दृश्य : प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक.)

पुट्या रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एका तपासणीत काही सापडले नाही तरी निर्धास्त होऊ नये. वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. डॉक्टर मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल देतात. संडास थांबली की उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून देण्याची सवय आमच्या मते सर्वांत घातक आहे. औषध चालू असताना आणि नंतरचे तीन दिवस दारू, मग ती मोहाची का असेना, वर्ज्य. गरोदर स्त्रीने तसे आधीच सांगावे. जुलाब होत असलेल्या मुलाला ओआरएस आणि १४ दिवस झिंक द्यावे.

पाणी लुगड्याच्या चौपदरी फडक्याने गाळले किंवा त्यात तुरटी फिरवली तरी भरवसा नाही, कारण पुटी सुमारे एक शतांश मिलिमीटरची असते. खळखळ उकळी किमान एक मिनिट राहू द्यावी. सगळ्या घराचे पाणी उकळण्याइतके सरपण नसेल, तर निदान लहान मुलांचे तरी उकळावे, आणि गुंडात हात न बुडवता ओगराळ्याने घ्यावे. बाळाची शी काढल्यावर साबणाने हात धुणेही तितकेच आवश्यक, कारण ही लागण हातावाटेही पसरते.

उपचारानंतर काहींना काही आठवडे दूध पचत नाही आणि पोट पुन्हा बिघडल्यासारखे वाटते. अशा वेळी स्वतःहून गोळ्या सुरू न करता दूध थोडे दिवस बंद ठेवावे आणि तरीही त्रास राहिल्यास शौचाची तपासणी पुन्हा करून घ्यावी.