कला-शिक्षणातला प्रबंध: चित्रं झाली, आता लिहायचं काय?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय: "मॅडम, प्रबंधासाठी चित्रमालिका पूर्ण झाली, आता सोबत लिहायचं काय?" आज त्यावरच बोलू.

आधी पायाभूत गोष्टी भराभर उरकते. कलाकृती हे संशोधन असू शकतं का? असू शकतं. कला-शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक एलियट आइस्नर यांनी १९९०च्या दशकात ही बाजू लावून धरली. ब्रिटिश कला-अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली कलेविषयीचं, कलेतून होणारं आणि कलेसाठीचं, असे संशोधनाचे तीन प्रकार मांडले. कॉमिक्स-कलाकार निक सुसानिस यांनी तर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये २०१४ साली डॉक्टरेटचा प्रबंधच कॉमिक्सच्या रूपात सादर केला. तुमच्या विभागाचे नियम मात्र आधी वाचा, कारण कलाकृती किती आणि लेखन किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

आता खरी अडचण. लेखन म्हणून बहुतेक जण काय देतात? चित्राचा अर्थ! निळा म्हणजे एकाकीपण, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, मोडकी शिडी म्हणजे शिक्षणव्यवस्था. मला याचा मनापासून राग येतो. असं लिहिलं की तुमच्या चित्राचीच किंमत कमी होते. एवढंच सांगायचं होतं, तर चित्र काढलंच कशाला?

लिहायचं ते हे: करता करता तुम्हाला असं काय कळलं, जे नुसती पुस्तकं वाचून किंवा मुलाखती घेऊन कळलं नसतं?

एक उदाहरण देते. माझी एक विद्यार्थिनी स्वतः शिकवत होती आणि वर्गातल्या न बोलणाऱ्या मुलांवर लिनोकटची, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर घेतलेल्या ठशांची, मालिका करत होती. तिच्या वहीत एका तारखेखाली एवढंच लिहिलेलं: "कोपऱ्यातली आकृती पुन्हा लहान झाली. बोलत नाही म्हणून मी त्याला लहान कोरतेय का?" पुढच्या पानावर नवा ठसा चिकटवलेला, त्यात तो मुलगा बाकीच्यांएवढाच, फक्त पाठमोरा. त्याखाली वर्गातली नोंद: आता प्रश्न विचारल्यावर ती थांबायला लागली होती, लगेच दुसऱ्याकडे वळत नव्हती. बघा, हातातल्या कोरणीनं तिला तिच्या शिकवण्यातली गोष्ट दाखवली. मालिकेचा अर्थ सांगणारं तिचं अख्खं प्रकरण आम्ही काढून टाकलं आणि ही दोन पानं प्रबंधाच्या मध्यभागी आणली.

परीक्षकाच्या खुर्चीतून बघा. चित्र त्याच्यासमोर आहेच, ते त्याला दिसतं. त्याला दिसत नाही तो तुमचा निर्णय: काय टाकून दिलं, का टाकलं, त्यानंतर प्रश्न कसा बदलला. तोंडी परीक्षेत तो हेच विचारणार.

आणि वर्गाकडून बघा. आपण कला-शिक्षणात आहोत. उद्या दुसऱ्या एखाद्या शिक्षकानं तुमचा प्रबंध उघडला, तर "पक्षी म्हणजे स्वातंत्र्य" याचा त्याला काय उपयोग? पण "मी प्रश्नानंतर थांबायला लागले, कारण ठशात मला हे दिसलं" हे तो आपल्या वर्गात करून बघू शकतो.

एकानं कमेंटमध्ये लिहिलंय, "नोंदी शेवटी आठवून लिहिल्या तर चालेल ना?" नाही, कृपा करून नको. आठवून लिहिलं की सगळं आधीच ठरवून केल्यासारखं वाटायला लागतं, गोंधळ गायब होतो, आणि शोध तर त्या गोंधळातच असतो. काम थांबवलं की त्याच वेळी तारीख, एक फोटो, चार ओळी. फसलेला ठसाही जपून ठेवा.

"मग सिद्धांत कुठे घालू?" हाही प्रश्न आहे. नोंदींनी उभा केलेला प्रश्न घेऊन वाचायला जा. त्या लिनोकटवाल्या विद्यार्थिनीनं वर्गातल्या मौनावरचं संशोधन यानंतर वाचलं, म्हणून तिचे संदर्भ उसने वाटले नाहीत.

मुलांची चित्रं प्रबंधात वापरणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही विचारा. ते नको म्हणालं तर चित्र परत करा. यावर बऱ्याच जणांनी विचारलंय, पुढचा व्हिडिओ त्यावरच करते. तोवर आपल्या वहीतल्या कुठल्याही एका तारखेच्या चार ओळी कमेंटमध्ये टाका, मी वाचते.