‘हो’च्या मात्रा किती?

नमस्कार श्रोतेहो. आज जाणतेपणाची एक कविता घेऊ या, आणि अर्थाआधी तिचा ठेका ऐकू या. कविता गोव्यातल्या बोरी गावच्या बाकीबाबांची, म्हणजे कवी बा. भ. बोरकरांची.

‘जीवन त्यांना कळले हो,
मीपण ज्यांचे पक्व फळापरि सहजपणाने गळले हो’

मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळाचं माप: लघू, म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू, म्हणजे दीर्घ अक्षराच्या दोन. आता चार-चार मात्रांचे तुकडे पाडा. जीवन. त्यांना. कळले. मागे उरतो एकटा ‘हो’. त्याच्या मात्रा दोनच, पण म्हणताना तो लांबवून चार कराव्या लागतात. पुन्हा सांगतो, लिहिताना दोन, म्हणताना चार.

हे मला माझ्या आतेनं शिकवलं. शाळेत पाठांतराची स्पर्धा होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कविता घोकत होतो आणि आते खवणीवर नारळ खवत होती. खवणीवरच्या खोबऱ्याची सोलकढी मिक्सरच्या खोबऱ्याला येत नाही, हे माझं ठाम मत आहे. असो. वाटी पात्यावर फिरत होती, खर्र, खर्र. तिचा हात माझ्याच ओळींवर चालला आहे, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. घाईत मी एका ओळीचा ‘हो’ गिळला आणि पुढची ओळ धरली. खवणी थांबली. वाटी हातात तशीच, बोटांना पांढरा कीस चिकटलेला. आते म्हणाली, “कितें तरी उणें पडलें रे. परत म्हण.”

तिला अक्षरओळख नव्हती. मात्रा म्हणजे तिच्या लेखी सहाणेवर उगाळायचं औषध. मी ‘हो’ लांबवून म्हटला, तेव्हा खवणी पुन्हा सुरू झाली. मुलांकडून वहीत लघु-गुरूच्या खुणा करून घेण्याआधी कविता त्यांच्या तोंडात बसवायला हवी, असं मला तेव्हापासून वाटतं.

आता यमक. कळले, गळले, आणि पुढे ‘गेले तेथे मिळले हो’. रोजच्या बोलण्यात आपण ‘मिळाले’ म्हणतो. इथे ‘मिळले’ आहे, म्हणजे मिसळून गेले, पाण्यात पाणी मिसळावं तसे. एका ‘आ’काराच्या फरकानं यमकही जुळलं आणि अर्थही. तिन्ही क्रियापदं पाहा, कळणं, गळणं, मिळणं. यातलं काही कुणी जोर लावून करत नाही, ते होतं. आणि दर वेळी शेवटी तोच ‘हो’, ओसरीवरून शेजाऱ्याला साद घालावी तसा.

त्या दिवशी पक्व फळाची ओळ आतेनं दोनदा म्हणायला लावली. मग वाटी उपडी ठेवत म्हणाली, “पाडिल्लो न्हय, पडिल्लो आंबो तो.”