परतीच्या पावसातला वारा

श्रोतेहो, नमस्कार.

सोयाबीनची काढणी भरात, दुपारी दोनपर्यंत लख्ख ऊन, आणि चारला गंजीवरची ताडपत्री उडून शेजाऱ्याच्या बांधावर! ऑक्टोबरातल्या या वादळांचा अंदाज कसा बांधतात, ते आज पाहू.

या दिवसांत जमिनीत ओल असते आणि आभाळ उघडलेलं असतं. ऊन जमीन तापवतं, जवळची हवा गरम आणि दमट होते, तर वरच्या थरांत कोरडी हवा शिरू लागते. म्हणजे हवा उलथायला टपलेलीच असते. मुंबई, नागपूर, गोवा इथून पहाटे साडेपाचला हवा मोजणारं उपकरण बांधलेला फुगा सोडतात. त्याच्या नोंदीत पहिल्या दीड किलोमीटरमधला ओलावा आणि उंचीबरोबर तापमान किती झपाट्याने उतरतं, हे पाहतात. तिसरी गोष्ट म्हणजे झाकण. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर कधीकधी उबदार हवेचा थर असतो, तो खालच्या हवेला वर जाऊ देत नाही. झाकण कच्चं असेल तर बाराच्या आतच जागोजाग छोटे ढग फुटतात आणि जोर वाटला जातो. फार पक्कं असेल तर दिवसभर नुसता उकाडा. खरा धोका मधल्या झाकणाचा, कारण तीन-चारपर्यंत ऊर्जा साठते आणि मग मोजके ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतात. पहाटेच्या नोंदीवरून दुपारचं तापमान ताडायचं असतं. त्यात एखाद्या अंशाची चूक झाली तरी सगळं गणित फिरतं. म्हणून आदल्या दिवशी जिल्हा सांगता येतो, गाव नाही.

बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र आलं की गोष्ट वेगळी. 13 ऑक्टोबर 2020 रोजी काकीनाडाजवळ किनाऱ्यावर आलेली प्रणाली तेलंगणातून सोलापूर-पुण्याकडे सरकली. अशा प्रणालीची वाट आधीपासून आखता येते.

आता वाऱ्याकडे वळू. ढगातून पडणारं पाणी मधल्या कोरड्या हवेत वाळतं, ती हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. त्यामुळे वारा पावसाच्या पुढे धावतो, कधी पाऊस नावालाच पडतो आणि झाड मात्र आडवं होतं. वेग ताशी 40 वरून 60 किलोमीटर झाला, तर पत्र्यावरचा दाब सव्वादोन पट होतो. पावसाचे ढग टिपणाऱ्या रडारपासून दोनशे किलोमीटरवर त्याचा सगळ्यात खालचा झोतही सुमारे चार किलोमीटर उंचीवरून जातो. ढग दिसतो, पण त्याच्या पायथ्याशी पसरणारा वारा दिसत नाही. तेव्हा फक्त रडारच्या नकाशाच्या रंगावर विसंबू नका.

दुपारी एकनंतर हवामान खात्याचा तीन तासांचा तात्कालिक अंदाज पाहा. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. गंजी झाकताना ताडपत्रीच्या कडा मातीत पुरा आणि वरून आडवे दोर ताणा. नुसते चार दगड ठेवले, तर वारा कोपऱ्यातून शिरतो आणि ताडपत्री शिडासारखी फुगते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, म्हणजे किलोमीटर मिळतील. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर पक्क्या घरात जा. झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. उकाड्यात अचानक गार झोत आला आणि त्याला मातीचा वास असेल, तर ढगातून कोसळलेली हवा तुमच्यापर्यंत पोहोचली आहे. तेव्हा ताडपत्री आणायला शेतात जाऊ नका.