कॅनडाची पाँटिॲक 'डुप्लिकेट' नाहीये, जरा खाली वाकून बघा

नमस्कार मंडळी! कॅनडातल्या ऑशवा शहरातल्या म्युझियमचा छोटा व्हिडिओ टाकल्यापासून एकच कमेंट पुन्हापुन्हा येतेय, "दादा, कॅनडाची जुनी गाडी म्हणजे अमेरिकेचीच ना, नुसतं नाव बदललेलं?" आणि एकाने तर सरळ लिहिलंय "डुप्लिकेट पाँटिॲक" (पाँटिॲक हा जनरल मोटर्सचा गाड्यांचा ब्रँड होता). हे मला खरंच लागलं, म्हणून आज फक्त यावरच बोलतो.

बेसिक पटकन सांगतो. तयार गाडी कॅनडात आणायची तर सुरुवातीच्या काळात 35 टक्के ड्युटी होती, मग इथेच बनवलेली बरी. 1904 मध्ये फोर्ड कॅनडा वॉकरविलला सुरू झाली, नदी ओलांडली की डेट्रॉइट. 1907 ला ऑशवात सॅम मॅक्लॉफलिनने ब्यूकची इंजिनं घेऊन गाड्या सुरू केल्या, घरचा धंदा घोडागाड्यांचा होता, आणि 1918 मध्ये ती कंपनी जनरल मोटर्समध्ये गेली. झालं, आता मुद्द्यावर.

मुद्दा असा की कॅनडाची मोठी पाँटिॲक, म्हणजे स्ट्रॅटो-चीफ, लॉरेंशियन, पॅरिसियन, ही वरून पाँटिॲक असते पण खाली शेवरले, म्हणजे जनरल मोटर्सचाच दुसरा ब्रँड, असते. चासी (गाडीचा खालचा सांगाडा) शेवरलेची, इंजिन शेवरलेचं, गिअरबॉक्स शेवरलेचा. म्हणून इथले लोक प्रेमाने तिला 'शेव्हिॲक' म्हणतात. कारण साधं आहे, कॅनडाचं मार्केट लहान, तेवढ्याशा गाड्यांसाठी पाँटिॲकच्या इंजिनाची वेगळी लाइन टाकणं परवडणारं नव्हतं, आणि शेवरलेची इंजिनं सेंट कॅथरिन्सला मॅकिनन इंडस्ट्रीजमध्ये बनतच होती.

माझ्याकडे 1963 ची लॉरेंशियन आहे, शेवरलेचं 283 व्ही8 इंजिन (आठ सिलिंडर, 283 हा घन इंचातला आकार). घेतली त्या वर्षी वॉटर पंप गळायला लागला. मी अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून '1963 पाँटिॲक व्ही8' असं लिहिलेला पंप मागवला, तो आला आणि बोल्टची भोकंच जुळेनात. कसं जुळणार? तो पंप पाँटिॲकच्या 389 इंजिनाचा होता, कारण तिकडे त्या साली मोठ्या पाँटिॲकमध्ये 283 नव्हतंच. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकावलं आणि म्हणाला, शेवरलेचा मागव. मागवला, आणि तासाभरात बसला. इथला उन्हाळा म्हणजे मोजके महिने, त्यातले माझे दोन आठवडे या एका गोष्टीत गेले, म्हणून कळकळीने सांगतोय.

परत सांगतो, कारण हे वाचूनही लोक मेसेज करतात "पाँटिॲकचा पार्ट बसत नाहीये". इंजिन, गिअर, ब्रेक, सस्पेन्शन हवं असेल तर शेवरलेचं बघा. काच, ग्रिल, टेललाइट हवी असेल तर पाँटिॲकचं बघा, आणि काही पट्ट्या-बॅज फक्त कॅनडातच मिळतात, त्या दिसल्या की घेऊन ठेवा.

अजूनही पटत नसेल तर 1959 ची गाडी मागच्या बाजूने बघा. अमेरिकेत त्या वर्षी पाँटिॲकने 'वाइड-ट्रॅक' म्हणून केवढी जाहिरात केली, चाकं बाहेरच्या बाजूला, गाडी रस्त्यावर पाय फाकून उभी. कॅनडात मात्र तीच रुंद बॉडी शेवरलेच्या अरुंद चासीवर ठेवली, त्यामुळे चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. काही लोकांना ते खटकतं, मला नाही खटकत. ती चाकं बघूनच मला लांबून कळतं की ही आपली, ऑशवाची.

आणि यात नुकसानच झालं असंही नाही. 1955 पासून पुढची बरीच वर्षं अमेरिकेत मोठी पाँटिॲक फक्त व्ही8 मध्येच, कॅनडात मात्र सहा सिलिंडरची मिळत राहिली, साध्या पगारदार माणसाला परवडणारी. दुसरीकडे ज्याला जोर हवा त्याला पुढे शेवरलेची 396, 427 अशी मोठी इंजिनं पण मिळाली.

नावं बदलायचा प्रकार वेगळा, तो डीलरमुळे. लहान गावात डीलर एखादाच असायचा, मग त्याच्याकडे स्वस्त-महाग सगळं हवं. मर्क्युरीच्या (हा फोर्डचाच वरचा ब्रँड) डीलरला स्वस्त गाडी हवी म्हणून मिटिऑर, फोर्डच्या डीलरला जरा वरची हवी म्हणून मोनार्क, आणि शेतकऱ्याला विकायला मर्क्युरीचा पिकअप सुद्धा! पाँटिॲकच्या डीलरला 1962 पासून अकेडियन मिळाली, ती शेवी टू (शेवरलेची छोटी गाडी) वरून केलेली, मग बोमाँट आली. कुर्ल्याला प्रीमियरमध्ये डॉज, फार्गो अशा नावांच्या गाड्या बनायच्या ते ज्यांना आठवतंय त्यांना हे लगेच कळेल.

हो, नाशिकच्या एका काकांनी विचारलंय की याचा आपल्याशी काय संबंध. काका, आहे ना! ब्रिटन सोडून बाकी साम्राज्यात फोर्ड विकायचा हक्क फोर्ड कॅनडाकडे होता, 1926 ला मुंबईत सुरू झालेली फोर्ड इंडिया ही सुद्धा कॅनडाचीच कंपनी, आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या कॅनडातून सुट्या येऊन मुंबईत जोडल्या जायच्या. तुमच्या आजोबांच्या फोटोत त्या काळातली मुंबईत घेतलेली फोर्ड असेल तर ती डेट्रॉइटची नाही, कॅनडाची असायची शक्यता खूप आहे. फोटो असेल तर पाठवा, मी नक्की बघेन.

मग हे सगळं थांबलं का? 1965 मध्ये कॅनडा-अमेरिकेचा ऑटो पॅक्ट झाला, कंपन्यांना सीमेपलीकडे ड्युटीशिवाय गाड्या नेता आल्या, वेगळं काही बनवायची गरज हळूहळू संपली. मर्क्युरीचा पिकअप 1968 ला गेला, बोमाँट 1969 ला, अकेडियन 1971 ला, मिटिऑर 1976 ला. पॅरिसियन हे नाव मात्र टिकलं, आणि 1983 मध्ये अमेरिकेतल्या पाँटिॲकला मोठी गाडी हवी होती तेव्हा त्यांनी कॅनडाची पॅरिसियन तिकडे नेऊन विकली. डुप्लिकेट म्हणणाऱ्या भाऊंनी एवढं एक लक्षात ठेवावं.

आणि कोणी खरंच घ्यायला निघाला असेल तर आधी बॉनेट उघडून इंजिन कुठलं आहे ते बघा, त्याचा फोटो काढा, आणि पार्टवाल्याला 'पाँटिॲक' म्हणायच्या आधी तो फोटो दाखवा.