समोर माणूस नसताना

मंडळी, फायटिंग गेममधला, म्हणजे पात्रांना एकमेकांशी लढवण्याच्या व्हिडिओ गेममधला, साहस मोड (कथेच्या आधाराने टप्पे पार करत जाण्याचा भाग) फसला की त्याची कथा कच्ची असणार, असे आपण पटकन धरून चालतो. माझे म्हणणे निराळे आहे. कथा बरी, दृश्ये देखणी आणि मेहनत उघड दिसणारी असूनही असा मोड कंटाळवाणा होऊ शकतो. २००८ साली निन्टेंडोच्या वी या कन्सोलसाठी आलेल्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल'मधील 'सबस्पेस एमिसरी' हा साहस मोड त्याचे ठळक उदाहरण आहे, आणि आज मी मुख्यतः त्याच्याविषयीच बोलणार आहे.

महत्त्वाकांक्षेची कमतरता तिथे मुळीच नव्हती. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी कथेसाठी 'फायनल फँटसी सेव्हन'चे लेखक काझुशिगे नोजिमा यांना सोबत घेतले. मारिओ, लिंक, पिकाचू, स्नेक अशी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली पात्रे एका कथेत गुंफायची, आणि तीही जवळजवळ संवादांशिवाय, केवळ हावभावांच्या बळावर, ही कल्पना धाडसी होती. सुरुवातीचा प्रसंग तर आजही पाहावासा वाटतो. भर स्टेडियममधील सामना उधळला जातो, पीच आणि झेल्डा या दोघी राजकन्यांचे पिंजरे हातात धरून एक अजस्र मांसभक्षी वनस्पती समोर उभी राहते, आणि आपण जो पिंजरा आधी फोडू त्यातली राजकन्या सुटते. म्हणजे कुणाला वाचवायचे हे आपल्या फटक्यांवर ठरते. एवढ्या चांगल्या सुरुवातीनंतर पुढचे काही तास जे घडते, त्याचे कारण समजून घेण्यासाठी या खेळाच्या मूळ नियमाकडे वळावे लागेल.

स्मॅशमध्ये, म्हणजे 'सुपर स्मॅश ब्रदर्स' मालिकेत, नेहमीच्या फायटिंग गेमसारखी रिकामी होत जाणारी जीवनपट्टी नसते. मार बसेल तसा टक्का वाढतो, टक्का जितका जास्त तितके आपण दूर फेकले जातो, आणि स्क्रीनच्या सीमेपलीकडे गेलो की एक जीव जातो. त्यामुळे सारी रंगत कडेला असते. फेकला गेलेला माणूस परत कसा येणार, त्याला अडवायला आपण किती पुढे जायचे, तो चकवा देईल की सरळ येईल, या अंदाजांत खेळ जगतो. सबस्पेसमधल्या प्रिमिड नावाच्या सैनिकांना मात्र ठरावीक मार बसला की ते मरतात. त्यांना कडेला नेण्याची गरज नाही आणि त्यांच्या परतण्याची चिंता नाही. हल्ले, उड्या, पकड ही हत्यारे सगळी तीच राहिली, पण ज्या प्रश्नासाठी ती घडवली होती तो प्रश्नच काढून घेतला गेला.

आइक या तलवारबाज पात्राचे उदाहरण जवळून पाहू. त्याचा तलवारीचा मोठा वार अतिशय संथ आहे. समोर माणूस असेल, तर तलवार वर जाताना पाहून तो शील्ड (बचावाची ढाल) धरतो किंवा लोळण घेऊन पाठीमागे येतो आणि आपल्याला चूक महागात पडते. प्रिमिडसमोर मात्र बटण दाबून धरावे, तो चालत जवळ यावा, बटण सोडावे आणि तो उडावा, एवढेच घडते. हा क्रम पन्नास वेळा केला की हाताला तीच सवय लागते. शिवाय ब्रॉलमध्ये धावायला लागताच पात्र कधीकधी आपसूक अडखळून पडते. सामन्यात ते खटकतेच, पण जिथे काम मुख्यतः उजवीकडे धावण्याचे आहे, तिथे ते अडखळणे चेष्टेसारखे वाटते.

आणि मग शेवटी येतो तो महाचक्रव्यूह. आधी पार केलेल्या जागा एकत्र जोडून तो बांधलेला आहे. तिथे जुने बॉस (टप्प्यांच्या शेवटी येणारे मोठे शत्रू) आणि आपल्याच पात्रांच्या काळ्या प्रतिकृती शोधून हरवल्याखेरीज अखेरच्या शत्रूचे दार उघडत नाही. गंमत अशी की प्रतिकृतींशी होणाऱ्या लढती हाच तिथला बरा भाग आहे, कारण तेवढ्यापुरते स्मॅशचे नियम परत येतात. मधली वणवण मात्र निव्वळ लांबण आहे.

मालिकेच्या पुढच्या गेममध्ये असा मोड का नाही, याचे कारण साकुराई यांनी नंतर सांगितले. दृश्ये इंटरनेटवर टाकली जातात, आणि मग ती खेळताना प्रथम पाहण्यातले बक्षीस उरत नाही, असा त्यांचा सूर होता. त्यांची खंत मी समजू शकतो, पण त्या स्पष्टीकरणात नकळत एक कबुलीही दडलेली आहे. दृश्ये आधी पाहिल्यामुळे ज्याचे बक्षीसच संपते, त्यात हाताने खेळायचा भाग किती भक्कम असावा?

२०१४ साली थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलवर मालिकेच्या पुढच्या गेममध्ये आलेल्या 'स्मॅश रन' मोडमध्ये तशाच शत्रूंमधून धावणे आहे, पण ते पाच मिनिटांचे. तेवढ्यात मिळवलेली ताकद लगेच शेवटच्या चुरशीत वापरायची असते, त्यामुळे धावण्याला निमित्त मिळते. २०१८ सालच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट'मधील 'वर्ल्ड ऑफ लाइट' या साहस मोडने धावपळच काढून टाकली. किर्बी हे एकटे पात्र वाचते आणि नकाशावर एकेक लढत जिंकत बाकीच्यांना सोडवते. या लढतींचा तोचतोपणा मलाही जाणवला. शंभराव्या लढतीच्या आसपास मी कंट्रोलर खाली ठेवला, पण तोवर शील्ड केव्हा धरायची हे बोटांना पुन्हा ठाऊक झाले होते.